डिकीतली थाप

गुन्हेगारीच्या मालिकांमधल्या चुका प्रेक्षकांच्या आधी पकडणं हे माझं काम आहे. डाव्या खांद्यात गोळी लागलेल्या माणसाच्या उजव्या खांद्याला पट्टी दिसू नये, अर्धा प्यालेला चहा पुढच्या वाक्याला पुन्हा काठोकाठ भरू नये, विहिरीतून बाहेर काढलेल्या बाईचे केस पोलीस येईपर्यंत तरी ओले राहावेत, हे बघायला मला ठेवलेलं असतं. आमच्याकडे या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, पुढचा आधी आणि मागचा नंतर असा चित्रित होतो, आणि घरी बघणाऱ्याला तो सलग वाटायला हवा असतो. म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर मी टॅबवर फोटो काढते. कुणाच्या हातात काय होतं, पदर कुठल्या खांद्यावर होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, सगळं.

तरी निसटतंच. मेलेल्याच्या पापण्या हलतात. नायगावच्या खाडीकडचा एकच रस्ता एका भागात नागपूरचा होतो, दुसऱ्यात इंदूरचा, आणि त्याच्या कडेला बसलेलं तेच पिवळं कुत्रं दोन्हीकडे दिसतं. अशा चुकांबद्दल मला बोलणी बसतात आणि ती रास्तच असतात.

दुसऱ्या एका प्रकाराबद्दल मात्र मी तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तो म्हणजे अशक्य गोष्टी. चहा निवायच्या आत येणारा रक्ताचा अहवाल, पिस्तुलाच्या एका फटक्यात तुटणारं कुलूप, दोन दिवस हातपाय बांधून कोंडलेली आणि सुटल्याबरोबर एका दमात गाडीच्या नंबरासकट सगळी हकीकत सांगणारी मुलगी. हे लेखकाचं आणि चॅनेलचं क्षेत्र. मी फक्त एवढंच बघायचं, की तिची टिकली आधी होती तिथेच आहे ना.

त्या दिवशी आम्ही नेमका हाच प्रसंग करणार होतो.

एप्रिल संपत आला होता. आमचं बहुतेक काम नायगावच्या स्टुडिओतच चालतं, पण या भागाला वाडी हवी होती, म्हणून वसईजवळच्या गिरीजला एका घरामागची केळी-नारळाची वाडी दिवसभरासाठी घेतली होती. मी वसईतच, एव्हरशाईनला राहते. कोंडलेल्या मुलीचं काम करणारी मुलगी नायगावच्या नव्या टॉवरांत आणखी तिघींबरोबर भाड्याने राहायची. मूळची चिपळूणकडची. चेहरा दिसेल आणि वाक्यं असतील असं हे तिचं पहिलंच काम. सकाळी आम्ही वसई स्टेशनबाहेर पश्चिमेला भेटलो आणि एकाच रिक्षाने गिरीजला गेलो. वाटेत तिने सगळे संवाद मला घडाघडा म्हणून दाखवले.

शेवटी तिने विचारलं, "ताई, एक सांगा. दोन दिवस उपाशी, तोंडात बोळा, आणि बाहेर आल्याबरोबर मी एवढं बोलेन?"

"नाही बोलणार."

"मग?"

"मग काय, लिहिलंय ना. बोलायचं."

ती हसली. मीही हसले.

वाडीत पोचल्यावर मात्र माझ्या तोंडून ते निघालंच. दिग्दर्शक मराठी, माझ्यापेक्षा वयाने लहान, कामाला वाघ. मी म्हटलं, "सर, ती इतकं बोलली तर खोटं वाटेल."

त्यांनी स्क्रिप्टमधून मान वर न करता उत्तर दिलं, "मॅडम, लोकांना गाडीचा नंबर हवाय. तिची उलटी नकोय."

विषय संपला.

गाडी जुनी होती, भाड्याने आणलेली. तिची डिकी आतून उघडायची सोय कधीच मोडलेली, बाहेरून फक्त किल्लीने उघडायची. मुलगी आत असताना झाकण चुकून लागू नये म्हणून सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या आर्टवाल्या मुलाने कुलपाच्या खाचेत फडक्याचा बोळा कोंबला होता. त्यामुळे झाकण नुसतं टेकायचं, लागायचं नाही. सकाळच्या सगळ्या शॉटना ते तसंच होतं. अपहरण करणाऱ्याचं काम करणारा नट तिला उचलून आत ठेवायचा, झाकण आपटायचा, "कट" ऐकू आलं की ती आतून ढकलून बाहेर यायची आणि पंख्यासमोर जाऊन उभी राहायची. मनगटांची दोरी सुटी गाठ मारून बांधलेली. तोंडावर रुमाल.

जेवणाआधी शेवटचा शॉट होता नुसत्या किल्लीचा. कुलपात किल्ली फिरते, एवढंच. मुलगी आत नव्हती. कॅमेरामन म्हणाला, खाचेतलं फडकं दिसतंय. कुणीतरी ते काढलं. किल्ली फिरली, शॉट झाला, झाकण पुन्हा उघडून ठेवलं आणि सगळे जेवायला गेले. तो नट दुसऱ्या मालिकेच्या सेटवर निघून गेला. फडकं परत घालायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या माणसांना वाटलं आर्टवाले घालतील आणि आर्टवाल्यांना मुळात ते काढलंय हेच ठाऊक नव्हतं. हे सगळं नंतर जुळवून कळलेलं. तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

दुपारचा शॉट लांबलचक होता. दिग्दर्शकांना तो न तोडता हवा होता. इन्स्पेक्टर वाडीच्या फाटकातून आत येतो, केळींमधून चालतो, पंपाच्या खोलीत डोकावतो, विहिरीत वाकून बघतो, मग त्याची नजर गाडीकडे जाते. तो पिस्तुलाच्या दस्त्याने कुलपावर एक फटका मारतो, झाकण उघडतं, आत बेशुद्ध मुलगी. पाणी मारल्यावर ती शुद्धीवर येते आणि बोलते. म्हणजे सुरुवातीपासून तिला आत पडून राहायला हवं होतं.

तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि आत आडवी झाली. झाकण खाली आलं. त्याचा आवाज सकाळपेक्षा वेगळा होता की नाही, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला आठवत नाही.

गाडी उन्हात होती. सावली सरकली होती, पण सकाळच्या शॉटमध्ये गाडी जिथे होती तिथेच हवी होती.

क्लॅप झाली. इन्स्पेक्टर आत आला. मी मॉनिटरच्या मागे, हेडफोन लावून बसले होते. केळीच्या पानांची सळसळ, त्याच्या बुटांचा आवाज, लांबून कुठूनतरी कोंबडा. तो पंपाच्या खोलीपाशी पोचला तेव्हा हेडफोनमध्ये ठक् असा आवाज आला. मग पुन्हा. ठक्, ठक्.

साउंडवाल्याने दिग्दर्शकांकडे बघितलं. दिग्दर्शकांनी डोळे मिटून मान डोलावली आणि हाताने खूण केली, घे, आवाज घे. त्यांना वाटलं पोरीने स्वतःच्या मनाने भर घातली. त्यांचा चेहरा खुलला होता.

माझ्या मनात पहिला विचार धंद्याचाच आला. मागच्या प्रसंगात तिला गुंगीचं औषध दिलंय. या प्रसंगाच्या माथ्यावरच लिहिलंय, मुलगी बेशुद्ध. मग ती ठोकेल कशी? ही चूक आहे, शॉट संपला की सांगायला हवं.

इन्स्पेक्टर विहिरीवर वाकला. आता ठोकणं जलद झालं होतं. सेटवर मी पुष्कळ दारं ठोकलेली ऐकली आहेत. नट ठोकतात तेव्हा मध्ये जागा सोडतात, समोरच्याच्या वाक्यासाठी. यात जागाच नव्हती. एकावर एक, कुठेही, हाताने, मग पायाने, मग काहीतरी घासल्यासारखं. आणि त्याच्या मागे एक बारीक आवाज, रुमालातून येणारा.

"कट!" मी ओरडले.

सेटवर हा शब्द फक्त एका माणसाचा असतो. कंटिन्युइटीवालीने तो उच्चारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. इन्स्पेक्टर वाकलेलाच राहिला. दिग्दर्शकांनी हेडफोन काढून फेकला.

"कोण ओरडलं?"

"मी. सर, ती बेशुद्ध आहे."

"मग?"

"मग ठोकतंय कोण?"

आता कुणाच्या कानाला काही लावलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. ते उघड्या वाडीत फार लहान वाटत होतं, लांबच्या घरात कुणी मसाला कुटत असावं तसं. मग सगळ्यांच्या आधी दिग्दर्शकच धावले.

झाकण उघडेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. पत्रा इतका तापला होता की त्यांनी हात मागे घेतले आणि शर्टाच्या बाह्या खाली ओढून पुन्हा धरलं. इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटाने धावत येऊन पिस्तुलाच्या दस्त्याने कुलपावर फटका मारला. कथेत होता तसाच, त्याच जागी. पिस्तूल खेळण्यातलं. त्याचा दस्ता तुटून गवतात पडला.

"किल्ली! किल्ली कुठंय?"

"हीरोइन अंदर है क्या?" एक लाइटमन विचारत होता. "सच में अंदर है?"

किल्ली आर्टवाल्या मुलाकडे नव्हती. तो रडकुंडीला येऊन सांगत होता, की ती सकाळच्या, अपहरणवाल्या नटाकडेच राहिली असणार. नटाला फोन लावला, उचलला नाही. तो दुसऱ्या सेटवर, तिथे फोन बंद ठेवायची सक्ती. त्याचे कपडे व्हॅनमध्ये होते, दोघं तिकडे पळाले आणि पँटचे खिसे उलटे करून आले. रिकामे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाच्या हातात काय होतं हे माझ्याकडे असतं ना! मी टॅबवर फोटो मागे सारत होते, बोटं घामाने घसरत होती. या फोटोत किल्ली त्याच्या हातात आहे. याच्यात कुलपात आहे. याच्यात पुन्हा हातात. आणि त्याच्यानंतर जेवणाची सुट्टी. माझ्याकडे कॅमेऱ्यासमोरचं सगळं होतं. कॅमेरा बंद झाल्यावर माणसाने किल्ली कुठे ठेवली, याचा फोटो मी कशाला काढीन?

ठोकणं मंदावलं होतं.

लाइटमनांनी कुठूनतरी पहार आणली. झाकणाच्या फटीत टोक घालून दोघं पहारीवर ओणवे झाले. पत्रा कुरकुरत वाकला आणि एका कोपऱ्यात चार बोटं जातील एवढी फट पडली. त्या फटीतून खरोखरच तिची बोटं बाहेर आली. दिग्दर्शकांनी ती धरली. त्यांच्या तळहाताला पत्रा कापला होता, रक्त बंपरवर ठिपकत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते फटीला तोंड लावून तिला हाका मारत होते, "घाबरू नकोस, आम्ही आहोत, उघडतोय." आणि प्रत्येक हाकेत ते तिला पात्राच्या नावाने हाक मारत होते. तिचं खरं नाव त्यांना त्या वेळी आठवलंच नसावं.

मी गुडघ्यावर बसून तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. बोटं हलली.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ही का तुमची?"

वाडीच्या मालकीणबाई होत्या. साठीच्या पुढच्या काकू. सकाळपासून आमच्या माणसांनी वाडीत टाकलेले चहाचे कागदी कप गोळा करत फिरत होत्या आणि तोंडाने अखंड कुरकुर करत होत्या. विहिरीच्या कठड्यावरून कप उचलताना त्यांना किल्ली सापडली होती. हरवायला नको म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगून ठेवली होती. "किल्ली, किल्ली" असा ओरडा कानावर पडला तसा त्या ती घेऊन आल्या. नेमकं काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं. फटीतली बोटं दिसली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले.

वाकलेलं कुलूप किल्लीला दाद देईना. दिग्दर्शकांनी पहारवाल्यांना झाकण किंचित खाली दाबायला सांगितलं आणि मग किल्ली फिरली.

मालिकेत कोंडलेली माणसं बाहेर येतात तेव्हा उठून बसतात. ती उठली नाही. तिचं तोंड लालभडक झालं होतं, केस कपाळाला चिकटलेले, डोळे उघडे, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. रुमाल सरकून गळ्यात आला होता. हात सोडवायच्या नादात सुटी गाठ ओढली जाऊन घट्ट बसली होती. मनगटांची कातडी सोलवटून गेली होती. आम्ही तिला उचलून खाली ठेवलं, तिथेच तिला उलटी झाली. तिची सलवार ओली झालेली पाहून काकूंनी डोक्यावरचा टॉवेल तिच्या अंगावर टाकला आणि उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांना अशा काही आवाजात हाकललं, की मोठमोठे दिवे उचलणारे लाइटमनसुद्धा मुकाट्याने फाटकापर्यंत गेले.

घरात नेऊन काकूंनी तिला न्हाणीघरात बसवलं, अंगावर पाणी घातलं, स्वतःचा धुतलेला गाऊन घातला. शहाळ्याचं पाणी वाटीने थोडं थोडं पाजलं. त्यांच्या घरच्या बोलीत त्या तिच्याशी सारखं काहीतरी बोलत होत्या. मला सगळं कळत नव्हतं, चिपळूणच्या मुलीला तर मुळीच कळत नसणार, पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जवळचेच डॉक्टर आले. नाडी, रक्तदाब बघितला, उन्हाने आणि भीतीने झालंय म्हणाले, विश्रांती द्या, काही वाटलं तर लगेच दवाखान्यात न्या. मनगटांना मलम लावून गेले.

मला वाटलं, संपलं. पण नाही.

ओटीवर प्रॉडक्शनचा माणूस उभा होता. तो दुपारी कुठेतरी गेला होता, बातमी कळल्यावर परत आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना सांगितलं, मोबाइलवर कुणी काही घेतलं असेल तर आत्ता पुसून टाका, हे वाडीच्या बाहेर जाता कामा नये. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ती तासाभरात उभी राहील ना? जागा आपल्याकडे संध्याकाळपर्यंतच आहे."

मी आत गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मी तिला म्हटलं, "चल. आपण घरी जाऊ. माझ्याकडे चल."

"काय म्हणतायत ते?"

"त्यांना म्हणू दे."

"शॉट करायचाय का?"

ती खिडकीकडे बघत होती. काकूंनी खिडकी सताड उघडी ठेवली होती.

"ताई, आज मी गेले, तर सकाळचं सगळं दुसरीला घेऊन पुन्हा करतील. मग मी गेले ती गेलेच."

"जाऊ दे ना. पुन्हा काम मिळेल."

"तुम्हाला मिळेल," ती म्हणाली. रागाने नाही.

मग ती उठली, भिंतीचा आधार घेत ओटीपर्यंत गेली. दिग्दर्शक पायरीवर बसले होते, हाताला पट्टी. तिला बघून उभे राहिले. काहीतरी बोलायला गेले, पण तिने त्यांना बोलू दिलं नाही.

"सर, झाकण लावायचं नाही. कुणीतरी हातात धरून ठेवायचं. किल्ली ताईंकडे राहील. आणि मी संवाद म्हणणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, "अगं, पण नंबर—"

"नको म्हणूस," दिग्दर्शक तिला म्हणाले. "काही बोलू नकोस."

मेकअपवाले दादा आले. स्क्रिप्टमध्ये दोरीचे वळ होते, ते रंगवायला ते पेटी घेऊनच आले होते. तिची मनगटं बघून त्यांनी पेटी मिटली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पोलीस स्टेशनचा सीन गेल्या आठवड्यात झालाय. त्यात हात साफ आहेत. झाकू का हे?"

त्यांचं बरोबर होतं. कथेत पोलीस स्टेशन याच्या लगेच पुढे येत होतं, आणि तिथे ती कोऱ्या हातांनी बसलेली होती. जखम दोन वाक्यांच्या अंतरात बरी होणार होती. झाका म्हणून सांगणं हे माझं काम होतं. "तिच्या हाताला हात लावू नका," मी म्हटलं.

तिने काकूंचा गाऊन उतरवून धुऊन अर्धवट वाळलेले कपडे पुन्हा चढवले. डिकीपाशी आली, थांबली, परत फिरली, वाडीत दहा-बारा पावलं जाऊन पुन्हा आली. कुणी घाई केली नाही. दोन लाइटमनांनी झाकण वरच्या वर धरलं होतं, चेपलेला कोपरा कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने. किल्ली मी मुठीत धरली होती आणि ती तळहातात रुतत होती.

इन्स्पेक्टरने झाकण वर केलं. ती आत पडून त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू एक हात काठावर ठेवला, मग दुसरा, आणि उठून बसली. बोलली नाही. नटाने नुसता हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे केळींकडे बघत होती, आणि तिची छाती वर-खाली होत होती. दिग्दर्शकांनी कितीतरी वेळ कट म्हटलंच नाही. म्हटलं तेव्हा ते इतकं हळू म्हटलं, की कॅमेरामनला ऐकू गेलं नाही.

परत येताना रिक्षात ती कडेला बसली, एक पाय जवळजवळ बाहेर. अंबाडी रोडला लागलो तेव्हा म्हणाली, "ते मला तिच्या नावाने हाका मारत होते. मला वाटलं, आत अंधारात माझ्याबरोबर आणखी कुणी आहे. तिलाच बोलावतायत, तिलाच काढणार आहेत."

मी तिचा दंड धरून बसले.

भाग यथावकाश दाखवला गेला. चॅनेलला मुकी मुलगी चालली नाही. इन्स्पेक्टरचा चेहरा आणि तिची पाठमोरी बाजू दाखवून त्यांनी सगळे संवाद दुसऱ्याच कुणाच्या तरी टवटवीत आवाजात घातले, गाडीच्या नंबरासकट. ठोकण्याचा आवाजही ठेवला. परिणामकारक वाटला म्हणे. दुसऱ्या दिवशी लोकांनी इंटरनेटवर आमची यथेच्छ टिंगल केली. कुणी लिहिलं, बेशुद्ध मुलगी ढोल वाजवते. कुणी तिच्या सोललेल्या मनगटांचं आणि पोलीस स्टेशनातल्या कोऱ्या हातांचं चित्र शेजारी शेजारी लावून विचारलं, कुठलं मलम वापरलं, आम्हालाही सांगा. कार्यालयातून मला फोन आला, ही चूक तुमच्या नजरेतून सुटली कशी? मी म्हटलं, सुटली नव्हती. पुढचे दोन भाग मला बोलावलं नाही. मग दिग्दर्शकांनीच बोलावलं.

तिने तो भाग पाहिला नव्हता. खोलीतल्या मुलींबरोबर बघायचा नव्हता. रविवारी दुपारी ती माझ्याकडे जेवायला आली आणि नंतर म्हणाली, "लावा, बघून टाकू." मी टीव्हीवर लावला. ठोकण्याचा आवाज सुरू झाला तशी ती उठून गॅलरीत गेली. मी बंद करायला निघाले तर तिने हातानेच नको म्हटलं. गज धरून ती बाहेर बघत उभी राहिली. झाकण उघडल्यावर आत आली आणि स्वतःचा चेहरा उभ्यानेच बघितला.

मग तिचा फोन वाजला. तिच्या आईने तिकडे गावी पुन्हा दाखवलेला भाग नुकताच बघितला होता.

"हो, बघितलास? ... नाही गं, काही नाही झालं हाताला. मेकअप आहे तो ... अगं खरंच, रंगवतात तसं." फोनमधून आईचं बोलणं चालू होतं, सावकाश, न थांबता. तिने फोन कानापासून काढून माझ्यापुढे धरला. "तिला पटत नाहीये. तुम्ही सांगा."

मी फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

"झालं ते."

मी फोन कानाला लावला. पलीकडची बाई म्हणाली, "पोलीस स्टेशनात हात चांगले होते, म्हणजे ते तुम्ही आधी घेतलेलं असणार. मग नंतर डिकीत लागलं. होय ना? रंगवलेलं असतं तर तिथेही रंगवलं असतंत." आवाज थरथरत होता, पण शब्द नीट होते. "आणि तो तिचा आवाज नाही. माझ्या लेकीचा आवाज मला कळतो. ती बोलली का नाही?"

मी सुरुवातीपासून सांगितलं. बोळा, ऊन, ठोकणं, पहार, सगळं. काही लपवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर काढल्यावर तिला जवळ कुणी घेतलं?"

"वाडीतल्या काकूंनी."

"नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर त्यांच्या घरात वावरूनही मी विचारलं नव्हतं. "विचारून सांगते," मी म्हटलं.

"सांगा. आणि आता द्या तिला."

तिने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. वाडीतल्या त्या दुपारपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ते मला बाहेर ऐकू आलं. मधूनच "नाही, नाही येत परत, इथंच राहणार," असंही ऐकू आलं. अंधार पडायच्या आधी बाहेर आली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आई म्हणते, आज इथेच राहा."

"राहा की," मी म्हटलं.

निजताना तिने खोलीचं दार उघडंच ठेवायला सांगितलं. मी त्याला खुर्ची लावून ठेवली, वाऱ्याने आपटू नये म्हणून.